समुद्रापलीकडचे आपले भाऊबंद – मॉरिशस बेट



वर्गातल्या जगाच्या नकाशात हिंदी महासागर बघा. आफ्रिकेजवळ मादागास्कर हे मोठे बेट आहे. त्याच्या पूर्वेला एक बारीक ठिपका दिसतो. तो मॉरिशस देश. मुंबईपासून तो सुमारे ४,७०० किलोमीटर लांब आहे.

आकार व जमीन : मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आहे. आपल्या सातारा जिल्ह्याचे १०,४८०. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात पाच मॉरिशस बसतील! लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. राजधानी पोर्ट लुई. तिथला सर्वांत उंच डोंगर ८२८ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मा.

हे बेट ज्वालामुखीतून तयार झाले. आपल्या वडूजच्या माळावर जसा काळा दगड आहे, तसाच तिथे आहे. शास्त्रज्ञ सांगतात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून आपल्या दख्खनचा लाव्हा आला, त्याच जागेतून पुढे मॉरिशसही वर आले. एकाच चुलीवरच्या दोन भाकरी म्हणा की!

हवामान : मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून आपली शाळा जूनमध्ये सुरू होते तेव्हा तिथे थंडी असते. जानेवारीत उकाडा आणि चक्रीवादळे. वारा आग्नेयेकडून येतो, त्यामुळे मधल्या उंच भागात भरपूर पाऊस आणि पश्चिम किनाऱ्यावर कमी. आपला खटाव तालुका सह्याद्रीमुळे कोरडा राहतो, तसंच हे.

इतिहास : पूर्वी तिथे माणसांची कायमची वस्ती नव्हती. डोडो नावाचा न उडणारा मोठा पक्षी होता. १५९८ साली डच आले. खलाशांनी डोडो मारले. जहाजातून आलेल्या डुकरांनी व उंदरांनी त्याची अंडी खाल्ली. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. पुढे फ्रेंच आले, आणि १८१० साली इंग्रज.

१८३५ साली तिथली गुलामगिरी बंद झाली. मग उसाच्या मळ्यात राबणार कोण? इंग्रजांनी १८३४ पासूनच भारतातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली होती. सुमारे साडेचार लाख माणसे गेली. करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपये. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचे! मजुरांनी शेतातले काळे दगड हातांनी उचलून त्यांचे ढीग रचले. ते ढीग अजून उसात उभे आहेत.

मुंबई बंदरातून आपली मराठी माणसेही गेली. बरीचशी रत्नागिरीकडची. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्याचा पट्टा पडला की घरी येतात. ती माणसं मात्र पुष्कळशी तिथंच राहिली. मजूर जिथे उतरत, त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली तो जागतिक वारसा झाला.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. गांधीजींच्या दांडी यात्रेचा दिवसही १२ मार्चच.

आजचे मॉरिशस : ऊस, पर्यटन व कापडाचे कारखाने यांवर देश चालतो. घरोघरी क्रिओल भाषा बोलतात. पण शाळेत मराठी विषय घेता येतो. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कोकणातला जाखडी नाच तिथे झाकरी या नावाने नाचतात.

मित्रांनो, त्या माणसांकडे जमीन नव्हती, पैसा नव्हता. जहाजातून गाठोड्यात ती काय नेणार? भाषा आणि सण मात्र डोक्यात होते. ते त्यांनी नातवंड-पतवंडांना दिले. आपल्याला मराठी फुकट मिळाली आहे, म्हणून आपण ती आळसाने बोलतो व लिहितो. तिथल्या मुलांना ती मुद्दाम शिकावी लागते, तरी ती शिकतात. तेव्हा आपणही रोज एक पान शुद्धलेखन लिहूया आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी ऐकूया.