‘वासरूं’ शब्दाचें कूळ

पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत असते कीं, ‘वत्स’ हा शुद्ध शब्द आणि ‘वासरूं’ हा त्याचा बिघडलेला, गांवठी अवतार. घरीं गोठ्यांत जें वासरूं, तेंच निबंधांत वत्स होतें! चुडाव्यासारख्या, लाल कंधारी गुरांच्या मुलखांतील मुलांनीं तरी या शब्दाची लाज बाळगूं नये, म्हणून त्याचें कूळ येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संस्कृतांतील ‘वत्सरूप’ हा त्याचा पूर्वज. प्राकृतांत ‘त्स’चा ‘च्छ’ झाला. मराठीनें त्या ‘च्छ’चा ‘स’ करून मागील स्वर लांबविला. हा लहरीचा खेळ नव्हे. मत्स्य, मच्छ, मासा, कच्छप, कासव, हीं जनावरेंही त्याच वाटेनें आलीं. हिंदीनें ‘छ’ राखिला, म्हणून तिकडे बछडा, मछली, कछुआ. आपल्याकडे वासरूं, मासा, कासव. इतक्या शिस्तीनें चालत आलेल्या शब्दास अपभ्रष्ट म्हणून हिणवणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. शेवटचें ‘रूं’ म्हणजे ‘रूप’. लेकरूं, कोकरूं यांचें शेपूटही तेंच असावें.

आतां ‘वत्स’ म्हणजे काय? पंचांगांतील ‘संवत्सर’ सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील ‘वत्सर’ म्हणजे वर्ष, आणि ‘वत्स’ म्हणजे मूळचा वर्षाचा जीव. लॅटिनांत ‘व्हिटुलस’ म्हणजे वासरूं व ‘व्हेटुस’ म्हणजे जुना, वर्षें लोटलेला. ग्रीकांत ‘एतॉस’ म्हणजे वर्ष. हीं सारीं एकाच घराण्यांतलीं. या भाषांचें मूळ एक असावें, असें सर विल्यम जोन्स यांनीं 1786 सालीं कलकत्त्यास सांगितलें. त्यांचे वडील वेल्श होते. आणि वेल्श भाषेंत बैलास ‘ईख’ म्हणतात, तो आपल्या संस्कृत ‘उक्षन्’चा भाऊबंद! इंग्रजी ‘ऑक्स’ही त्यांतलाच.

‘वत्सला’ म्हणजे वासराची ओढ लागलेली गाय. आईच्या मायेस आपण ‘वात्सल्य’ म्हणतों, तो शब्द असा गोठ्यांतून आला आहे.

वर्षवाचक तें मूळ मराठींत आणखी एके ठिकाणीं दडलें आहे. गेल्या वर्षास जुनीं माणसें ‘पोर’ म्हणत व त्याच्या मागील वर्षास ‘परार’. ‘पोर’ हा संस्कृत ‘परुत्’पासून आला, आणि ‘परुत्’च्या अखेरीस तेंच ‘वत्’ आंखडून बसलें आहे. कोणाच्या आजीच्या तोंडीं हे शब्द अद्याप असतील, तर ते वहींत टिपून ठेवावे.