काळोखातील उड्डाण

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे ३:५-७, १ थेस्सल. ५:२१

सुरतेच्या आमच्या शब्बाथ शाळेत आम्ही एका मुलाचे डोळे बांधून त्याला फिरत्या स्टुलावर एकाच वेगाने सावकाश फिरविले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "थांबलो." स्टूल थांबविले तेव्हा म्हणाला, "आता उलटा फिरतोय!" कानाच्या आतील नळ्यांतला द्रव आपल्याला तोल सांगतो, पण डोळ्यांना काही दिसत नसले की तोच फसवितो. म्हणून ढगांत किंवा काळोखात वैमानिकाला शरीराचे न ऐकता यंत्रांचे ऐकावे लागते.

पण यंत्रच बिघडले तर? १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' विमान मुंबईहून दुबईस निघाले. समुद्रावर काळोख होता. विमान सरळ असता कप्तानासमोरील यंत्राने ते उजवीकडे कलल्याचे दाखविले. त्यांनी ते डावीकडे कलविले, आणि विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण मरण पावले. तोल दाखविणारी आणखी यंत्रे तेथेच होती. फ्लाइट इंजिनियरने सावधही केले. पण वेळ उरली नव्हती.

प्रियजनहो, आपला विवेकभावही असेच एक यंत्र आहे. त्याचे ऐकावे, पण तोही बिघडतो हे विसरू नये. त्याचा कौल पवित्र शास्त्राशी व विश्वासू बंधुभगिनींच्या सल्ल्याशी ताडून पाहावा. आणि आपला भाऊ कलताना दिसला, तर उद्या सांगू म्हणून थांबू नये.

वर्गासाठी प्रश्न : आपली चूक दाखविण्याची मोकळीक आपण कोणाला दिली आहे?