थंडीचा अंदाज का हुकतो?

"सर, उद्या थंडी वाढणार म्हणे. आपल्याकडे बर्फ पडेल का?" बोईसर-तारापूरच्या मुलांचा डिसेंबरातला हा नेहमीचा प्रश्न. बर्फ नाही, पण हिमालयात बर्फ पडून गेल्यावर उत्तरेचा कोरडा वारा इकडे आला, की पालघरची पहाट गारठते. वारा समुद्राकडून फिरला, की गारठा पळतो. अंदाज हुकतो तो इथेच. किनाऱ्यावर थंडीच्या लाटेचा निकष म्हणजे किमान तापमान १५ अंश किंवा कमी, शिवाय सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी खाली.

मुलांना रोज पहाटेचं तापमान आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहू द्या. डहाणू वेधशाळेच्या आकड्यांशी ताडून पाहू द्या. अंदाज चुकला तर "हे नेहमीचंच" म्हणू नका. आधी वारा कुठून होता ते विचारा.