दारावरचा मकर

प्रश्न : जळगावहून अजिंठा पाहायला गेलो होतो. एका लेण्याच्या दारावर, वरच्या कोपऱ्यात, एक स्त्री विचित्र जनावरावर उभी दिसली. त्याला सोंडेसारखं नाक, मगरीचा जबडा आणि मागे वेलबुट्टीची शेपटी. असा प्राणी कधी समुद्रात होता का? आणि समुद्रापासून इतक्या लांब तो आला कसा?
(एक वाचक, चोपडा)

उत्तर : नव्हता. तो मकर, आपल्या कारागिरांनी घडवलेला जलचर. वरुणाचं आणि गंगेचं वाहन तोच, कामदेवाच्या ध्वजावरही तोच. मात्र तो निव्वळ कल्पनेतून आलेला नाही, आणि मला त्याची ओढ वाटते ती त्यामुळेच. बिहारमध्ये बराबर टेकड्यांतल्या लोमश ऋषी लेण्याच्या कमानीवर, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात, त्याचं सुरुवातीचं रूप दिसतं. ती जवळजवळ मगरच आहे. पुढे नाक वर वळत वळत त्याची सोंड झाली, मागचं धड माशाचं झालं, आणि अजिंठ्याला पाचव्या शतकात तुम्ही पाहिलीत तशी शेपटीची पानंफुलं झाली. जावा बेटावर बोरोबुदुरच्या जिन्यांपाशीही तो भेटतो. खऱ्या प्राण्याची उत्क्रांती जमिनीत पुरलेल्या हाडांतून शोधावी लागते. याची मात्र शतकामागून शतक दगडात उघडी दिसते.

राहिला समुद्राचा प्रश्न. मकर एकट्या समुद्राचा नाही, नद्यांचाही आहे. तुम्ही पाहिलेली स्त्री नदीदेवता मानली जाते. अजिंठ्यात दाराच्या दोन्ही कोपऱ्यांत मकरच सापडतो. गंगेला मकर आणि यमुनेला कासव ही वाटणी नंतर पक्की झाली, आणि दोघी चौकटीच्या तळाशी उतरल्या. देवळात शिरणारा माणूस या दोन नद्यांमधून, शुद्ध होऊन, आत जावा हा त्यामागचा भाव.

आकाशातही त्याला जागा मिळाली. ग्रीकांकडून बारा राशी आल्या, त्यांतली एक अर्धी बकरी, अर्धा मासा अशी होती. आपल्याकडे तिच्या जागी मकर बसला. दर जानेवारीत आपण तिळगूळ वाटतो ती त्याच्याच नावाची संक्रांत.

पाटणादेवीला किंवा साक्री तालुक्यातल्या बलसाण्याला गेलात, तर गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला, उत्तरेच्या बाजूने, अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारी पन्हळ शोधा. लोक तिला सरसकट गोमुख म्हणतात, पण जुन्या दगडी देवळांत ते तोंड पुष्कळदा मकराचं असतं. वर वळलेली सोंड आणि दात दिसले की ओळख पटेल.