पादचाऱ्याचा भरपाईचा हक्क

पायी चालणाऱ्याजवळ विमापत्र नसते. म्हणून मोटारीची धडक बसल्यास चालक देईल ते मुकाट्याने घ्यावे, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये वाहनाचा त्रयस्थ विमा सक्तीचा असून पादचारीही त्रयस्थच होय.

१ एप्रिल २०२२ पासून कलम १६४ नुसार मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये, चालकाची चूक सिद्ध न करताही मिळू शकतात. मात्र सही करण्यापूर्वी विचार करावा. विमा कंपनीशी तडजोडीने ही रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. मृत व्यक्ती तरुण व कमावती असेल, तर वय, मिळकत व अवलंबितांची संख्या पाहून न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई कितीतरी अधिक असू शकते. तेथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, हे खरे.

अपघात इंदूरला घडला तरी साताऱ्याच्या रहिवाशाला साताऱ्यातच दावा दाखल करता येतो. कायद्यातील सहा महिन्यांच्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. तरीही अर्ज मुदतीतच करावा.

वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तर मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपयांची योजना आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो.

अज्ञान वारसांची रक्कम न्यायाधिकरण बहुधा बँकेत मुदत ठेवीत ठेवावयास सांगते. अशी ठेव न्यायाधिकरणाच्या परवानगीविना मोडता येत नाही. शाखेत त्यासाठी आग्रह धरू नये.