तळघरातील ओल : प्लायवूड ठोकण्यापूर्वी

महाडच्या बाजारपेठेत २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षी जुलैमध्ये पुराचे पाणी शिरले. पुरानंतर दुकानदाराला एकच घाई असते, दुकान सजवून पुन्हा उघडण्याची. भिंत वरून कोरडी दिसली की सुताराला बोलावून प्लायवूड आणि सनमायका ठोकला जातो. पुढच्या पावसाळ्यात प्लाय फुगतो, मागे बुरशी धरते, वाळवी लागते आणि दोष सुताराच्या माथी येतो. म्हणून दुकान रस्त्याच्या पातळीखाली असो वा गोदाम तळघरात, आधी ओल कोठून येते ते शोधावे, असे आमचे व्यापारी व कारागीर बंधूंना सांगणे आहे.

त्यासाठी सोपी युक्ती आहे. हातभर लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवावा व दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या मागे थेंब आले तर ओल भिंतीतली, खोलीच्या बाजूला आले तर हवेतली. हवेतली असेल तर जुलैमध्ये खिडक्या उघडून काही साधत नाही. बाहेरची दमट हवा आत येते आणि थंड भिंतीला घाम फुटतो. खिडक्या उघडायच्या त्या हिवाळ्यात व उन्हाळ्यात.

आपल्याकडच्या जुन्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. हा दगड सच्छिद्र, पाणी पितो आणि सावकाश सोडतो. त्यावर पक्का सिमेंटचा गिलावा केला की पाण्याची वाट बंद होते, ओल आणखी वर चढते आणि लोणा लागतो. चुन्याचा गिलावा असेल तर भिंत निदान श्वास घेते.

आता प्लास्टिकच्या पडद्याविषयी. थंड देशांत तो भिंतीच्या आतल्या अंगाला लावतात, कारण तेथे घरातली उबदार हवा बाहेर जाऊ पाहते. एसी लावलेल्या आपल्या दुकानात उलटे होते. वाफ बाहेरून आत येते, आतल्या प्लास्टिकला अडते आणि तेथेच पाणी होते. आखातात बांधकामावर राबलेल्या आपल्या कारागिरांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

प्लास्टिकची खरी जागा जमिनीखाली. मुरूम ठोकून, दगडाची सोलिंग करून, वर वाळूचा पातळ थर द्यावा. त्यावर २५० मायक्रॉनचे म्हणजे १००० गेजचे पॉलिथीन अंथरावे. जोडावर किमान ६ इंच एकावर एक घ्यावे, कडा भिंतीवर चढवाव्यात आणि मग कोबा करावा. सळईने भोक पडले तर सगळी मेहनत वाया, म्हणून गवंड्यावर डोळा ठेवावा.

मात्र हा पडदा वाफ अडवतो, दाबाचे पाणी नाही. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आले तर दर एक मीटर उंचीला चौरस मीटरमागे सुमारे एक टन दाब येतो. त्यासाठी वेगळे वॉटरप्रूफिंग आणि पाण्याला निघून जायला चर हवा. पुराचे पाणी बाहेर उभे असताना तळघर पंपाने एकदम रिकामे करू नये. भिंत खचण्याचा धोका असतो.

सुतारकाम फेब्रुवारीनंतर, वरील तपासणीत भिंत कोरडी निघाल्यावरच काढावे. घोडे भिंतीपासून चार बोटे दूर, माल लाकडी पट्ट्यांवर. आणि फळ्या खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवाव्यात, म्हणजे पाणी ओसरल्यावर त्या काढून वाळवता येतात.