ड्रायर फिरतो, पण कपडे ओलेच

कपडे वाळण्याच्या बाबतीत आपला नगर जिल्हा दोन टोकांचा आहे. तिकडे पाथर्डी-जामखेडला जरा उघडीप मिळाली की दोरीवरची चादर जेवणं उरकेपर्यंत कडकडीत होते. इकडे अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे भंडारदरा, रतनवाडी, घाटघरच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत, नुसते आंबतात. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस याच कोपऱ्यात पडतो आणि धुकं घरात येऊन बसतं. अशा ठिकाणी मशीनचा ड्रायर बंद पडला, तर सकाळी पोरांना घालायला गणवेश नसतो.

आमच्याकडे ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला शेजारचा लहान टब. त्यात गरम हवा वगैरे काही नसते. मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेऊन तो कपड्यातलं पाणी बाहेर भिरकावतो, एवढंच त्याचं काम.

गेल्या आषाढात आमचा ड्रायर फिरत होता, आवाज नेहमीसारखा, पण बाहेर काढलेल्या जीन्सच्या कमरेतून पाणी निथळायचं. मेकॅनिक आला. त्याने मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही. टब दोनदा फिरवून पाहिला आणि निकाल दिला, ‘मोटर कमजोर झालीय.’ नवी मोटर बसली, जुनी तो घेऊन गेला, आम्ही पैसे मोजले. पुढच्या धुण्याला जीन्स तशीच ओली.

मग मी टब थांबताना कान लावून ऐकलं. खालून खळखळ येत होती. टबच्या कडेने टॉर्च मारला तर तळाशी पाणी साचलेलं, आणि टब त्याच पाण्यात घुसळत होता. कारण मशीनच्या बाहेर होतं. उन्हाळ्यात गवंड्याने मोरीला नवी फरशी बसवली, तेव्हा मोरीचा काठ चांगला वीतभर उंच झाला. पाणी जायचा पाईप आता त्या काठावरून चढून मोरीत उतरत होता. या मशीनला पाणी वर ढकलणारा पंप नसतो. पाणी उताराने जातं. पाईप मध्येच वर चढला की पाणी मागे तुंबतं, टबला भिडतं, वेग मरतो आणि फेकलेलं पाणी पुन्हा कपड्यात शिरतं. भक्कम लोखंडी स्टँडवर मशीन उचलून पाईपला सरळ उतार दिला आणि काम झालं. (चाकांचे डुगडुगणारे स्टँड मिळतात, ते घेऊ नका. ड्रायर सुरू झाला की मशीन चालायला लागते.)

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. बऱ्याच मशीनमध्ये धुण्याच्या टबचं आणि ड्रायरचं पाणी एकाच पाईपने जातं. घाईघाईत इकडचं साबणाचं पाणी सोडायचं आणि तिकडे ड्रायर लावायचा, तर ते पाणी ड्रायरखाली चढतं. आधी टब रिकामा होऊ द्यावा.

पाईप ठीक असेल तर आवाजाकडे लक्ष द्या. मोटर नुसती घूं-घूं करते आणि टब हलत नाही, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो किंवा ब्रेक अडकलेला असतो. कपॅसिटर मोटरच्या मानाने स्वस्त मिळतो, तेव्हा आधी तोच बदलून पाहायला सांगा. टब संथ फिरतो आणि रबर जळल्यासारखा वास येतो, तर ब्रेकची तार सैल झालेली असू शकते. झाकण लावलं की ही तार ब्रेकची पट्टी मागे खेचते. सैल तारेने पट्टी घासत राहते. प्लग काढून, मागचं पॅनेल उघडून एकाने झाकण उघड-बंद करावं आणि दुसऱ्याने पट्टी सुटते का ते पाहावं. तार एक घर पुढे अडकवली की अनेकदा भागतं. संध्याकाळी व्होल्टेज उतरलेलं असेल तर सगळं शाबूत असूनही टब वेग घेत नाही. तेच कपडे दुपारी लावून बघा, फरक दिसला तर मशीन उघडूच नका.

कपडे भरण्याचीही रीत आहे. एकटी चादर एका बाजूला कोंबली की टब धडाधडा आपटतो. कपडे गोल बसवून वर ती प्लास्टिकची चकती दाबायचीच. नाहीतर मोजा, हातरुमाल उडून टबखाली जातो आणि पाण्याची वाट अडवतो. आमच्याकडे कोणी ती चकती वापरायचंच नाही. ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून गेली होती.

पुण्या-मुंबईकडे गरम हवेचे ड्रायर आहेत. त्यांची तऱ्हा वेगळी. तिथे आधी जाळीत साठलेला कपड्यांचा भुगा काढायचा, आणि धुण्याच्या क्षमतेइतके कपडे वाळवायला भरायचे नाहीत.

काही कामं मात्र घरी करू नयेत. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज राहू शकते, त्याला हात लावू नका. झाकणाचा स्विच जोडून टाकून उघड्या झाकणाने टब फिरवायची युक्ती कोणी सुचवली, तर ऐकू नका. फिरत्या टबात गेलेला हात मोडतो. खालून उंदीर शिरून वायरी कुरतडतात, म्हणून तळाला जाळी हवी आणि सॉकेटला अर्थिंग हवंच.

आणि मेकॅनिकने कोणताही भाग बदलला, तर बिलावर त्याचं नाव लिहून घ्या आणि जुना भाग त्याच्याकडून मागून घ्या.